पेन ड्राइव्ह तीन दिवस बाहेरच्या गोठ्यात

व्यंकटराव डॉक्टरांच्या घरी पाहुण्याला दोन मिनिटांत चहा मिळायचा, पण त्याच्या खिशातल्या पेन ड्राइव्हला तीन दिवस बाहेर थांबावं लागायचं. मी तिखटमीठ लावून सांगत नाही. नांदेडला तरोड्याकडे त्यांचं घर होतं आणि त्या घराच्या ओसरीत लाकडी स्टुलावर एक जुनापुराणा संगणक ठेवलेला असे. त्यात कामाची एकही फाइल नव्हती, आणि त्याला इंटरनेट मिळायचं ते फक्त सकाळी अँटिव्हायरस ताजा करण्यापुरतं. बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड आधी त्याला लावायचं, रोज एकदा तपासायचं, आणि तिसऱ्या दिवशीही काही निघालं नाही तरच आतल्या खोलीतल्या चांगल्या संगणकाजवळ न्यायचं. ओसरीतल्या त्या संगणकाला ते 'बाहेरचा गोठा' म्हणायचे.

मला हा नियम पहिल्याच भेटीत लागू झाला. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, आणि तेव्हा ते उघडून जेमतेम महिना झाला होता. त्यांचा प्रिंटर चालत नव्हता म्हणून त्यांनी बोलावलं. मी ऐटीत खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि संगणकाकडे नेला, तोच त्यांनी माझं मनगट धरलं. बैलांच्या नाकात बोटं घालण्यात उमर गेलेल्या माणसाची ती पकड होती. मला हात हलवता येईना.

"थांब. हे कुठं कुठं चरून आलं?"

"काका, माझ्या दुकानातला आहे. साफ आहे."

"सकाळपासून किती मशिनीत घातलास?"

मी मनात मोजलं. "चार."

"चार गोठ्यात तोंड घालून आलं, आन साफ हाय म्हणतोस? लेका, खुरकूत अशीच पसरते. लई बार जनावराच्या पायानं न्हाई, डॉक्टरच्या बुटानं जाते."

त्या दिवशी मी प्रिंटर न जोडताच परत आलो आणि माझा पेन ड्राइव्ह ओसरीत मुक्कामाला राहिला. तिसऱ्या दिवशी निरोप आला, "ये घेऊन जा. दोन निघाले. इलाज केला." संगणक शिकलेल्या मी माझा पेन ड्राइव्ह ढोरांच्या डॉक्टरकडून बरा करून आणला. दुकान नवीन होतं, म्हणून ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.

खरं तर ते डॉक्टरही नव्हते. सरकारी दप्तरात त्यांचं पद पशुधन पर्यवेक्षक असं होतं. पण लोहा, अर्धापूर, देगलूर अशा बदल्या होत गेल्या आणि प्रत्येक तालुक्यात लोकांनी त्यांना डॉक्टरच म्हटलं, तेव्हा त्यांनीही वाद घातला नाही. उंच, काटक माणूस, अंगावर पांढरा शर्ट-पायजमा, आणि शर्टाच्या खिशात जनावरांच्या थर्मामीटरची रिकामी नळी. त्या नळीत ते निवृत्तीनंतर मेमरी कार्ड ठेवायचे.

संगणक त्यांना लातूरच्या जावयाने भेट दिला होता. तो आला त्या दिवशी त्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, मागच्या पंख्यावर हाताची पालथी बाजू ठेवली, पेटीला कान लावला आणि सांगितलं, "श्वास बरा हाय." माळेगावच्या बाजारात बैल पारखायचीही त्यांची हीच रीत होती. संगणकातलं त्यांना काही म्हणता काही येत नव्हतं. पण त्याला रोग होतो असं कुणीतरी सांगितलं, आणि त्या दिवसापासून त्यांना सगळं यायला लागलं.

अँटिव्हायरसला ते लस म्हणायचे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रयागकाकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, उपासांच्या खुणा असायच्या, गॅसच्या टाकीची तारीख असायची, आणि लाल शाईने लिहिलेलं असायचं: 'लस संपते'. गल्लीतल्या कुणाचा संगणक बसला की मी तो दुरुस्तीला घेऊन जाताना ते फाटकात उभे राहायचे आणि मालकाला विचारायचे, "लस टोचली होती का? न्हाई ना? मग आता मेल्या म्हशीला सुई टोचून काय उपेग?" मालक बिचारा आधीच रडकुंडीला आलेला असायचा. पासवर्डला त्यांच्या भाषेत दावं म्हणायचे. शेजारच्या एका मास्तरांनी मुलाचं नाव आणि जन्मसाल असा पासवर्ड ठेवल्याचं कळलं, तेव्हा ते हळहळले. "मास्तर, हे काय दावं हाय? ही सुतळी हाय. वासरू बी तोडंल."

तीन दिवसांचा नियम मला सुरुवातीला निव्वळ विक्षिप्तपणा वाटायचा. एकदा मी विचारलं, "काका, एकदा तपासलं की झालं ना, तीन दिवस कशाला?" ते म्हणाले, "आज नवी बिमारी आली, तर तिची लस आजच आसती का? उद्या निघंल, परवा निघंल. तवर जनावर लांब बांधायचं. तुला एवढं बी शिकवलं न्हाई का कालेजात?" खरं सांगतो, नव्हतं शिकवलं. नंतर मीच ते माझ्या गिऱ्हाइकांना स्वतःचं म्हणून सांगायला लागलो.

या नियमातून कुणाचीच सुटका नव्हती. त्यांची मुलगी सुनंदा लातूरला बाळंत झाली. जावयाने नातवाचे फोटो ईमेलने पाठवले. सगळी गल्ली डॉक्टरांच्या खोलीत जमली, आणि डॉक्टरांनी फोटो उघडायच्या ऐवजी फोन लावला.

"सुनंदे, मेल तुमीच पाठवला का? कधी? फोटो किती हायत? पाच? पोराच्या अंगावर कापड कोणतं हाय? पिवळं? टोपरं? टोपऱ्याला गोंडा हाय का न्हाई?"

पलीकडून सुनंदाताई रडवेल्या झाल्या. "बाबा, फोटो उघडला की दिसंल ना गोंडा!"

"उघडायच्या अगोदर इचारावं लागतं, बाई."

सगळी उत्तरं जुळली, तरीही त्यांनी ओसरीतल्या संगणकाला तेवढ्यापुरतं इंटरनेट जोडून ते फोटो त्यावर उतरवले आणि तीन दिवसांचा वायदा केला. प्रयागकाकू इतक्या वर्षांत त्यांना कधी उलटून बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. "माझ्या नातवाला काय खुरकूत झाली का? का लम्पी झाली?" मग त्या ओसरीत गेल्या, त्या जुन्या संगणकासमोर पाटावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "दत्ता, हितंच उघड. बाहेरच्या गोठ्यात बसून बघते मी माझं लेकरू." आम्ही ओसरीतच पाचही फोटो बघितले. डॉक्टर उंबऱ्याच्या आतून मान लांब करून बघत होते.

एकदा मी त्यांचा कीबोर्ड साफ करत होतो, तेवढ्यात पडदा लाल झाला, भोंगा वाजला आणि अक्षरं आली की तुमच्या संगणकात भयंकर व्हायरस शिरलेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा. मी म्हटलं, "काका, खोटं आहे, मी बंद करतो." पण ते सरसावून बसले. "थांब. कोण डॉक्टर हाय ते तर बघू." त्यांनी फोन लावला. पलीकडचा माणूस गोड हिंदीत म्हणाला की साहेब, मोठा धोका आहे. डॉक्टरांनी देगलूरकडच्या आपल्या दखनीत विचारलं, "अच्छा. लक्षणां क्या क्या हैं?"

"साब, वायरस फैल रहा है!"

"बुखार कब से है? चारा खा रहा क्या नहीं?"

तो गडबडला. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. यांनी त्याला दवाखाना कुठल्या गावात आहे, वरचे साहेब कोण, आजवर किती केसेस बघितल्या, त्यातल्या किती दगावल्या, असं सगळं विचारलं आणि प्रत्येक उत्तर कागदावर लिहून घेतलं. अर्ध्या तासाने त्यानेच फोन ठेवला. डॉक्टर मला म्हणाले, "जनावर न बघता रोग सांगून राहिला. आन वर मलाच म्हणतो, दार उघडं ठेवा, मी आत येऊन बघतो! आसा माणूस मी लोह्याला असतो तर झाडाला बांधला असता."

आता एवढ्या बंदोबस्ताचं कारण सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला ते नुसतेच हौशी वाटतील. आतल्या संगणकात त्यांचं पुस्तक होतं. 'बिनबोलत्यांचा दवाखाना' असं त्याचं नाव. नोकरीत असताना ते खिशातल्या डायऱ्यांत रोजच्या जनावरांची हकिकत लिहायचे. त्या डायऱ्यांना वाळवी लागली, तेव्हा त्यांनी त्या संगणकात उतरवायला घेतल्या, उजव्या हाताच्या एका बोटाने. सहा वर्षांत पावणेचारशे पानं झाली होती. एक डायरी उतरवून झाली की वाळवी घरात पसरू नये म्हणून प्रयागकाकू ती पाणी तापवायच्या बंबात घालायच्या. म्हणजे जे काही होतं ते संगणकातच होतं. लातूरच्या एका छापखानावाल्याने दिवाळीपर्यंत बाड द्या म्हणून सांगितलं होतं आणि डॉक्टर शेवटच्या डायरीवर आले होते.

मला त्यातलं ते अधूनमधून वाचून दाखवायचे. देगलूरच्या एका माणसाने हद्दीपलीकडून म्हैस आणली आणि ती बहिरी निघाली म्हणून तो रडत आला. डॉक्टरांनी तिला दोन दिवस बघितलं. शेवटी नोंद केली: 'म्हैस बहिरी नाही. म्हशीस मराठी येत नाही. मालकास चार तेलुगू शब्द शिकवले. म्हैस बरी.' अर्धापूरच्या एका बैलाने मालकिणीचं जोडवं गिळलं, त्याची हकिकत तीन पानं होती, त्यातली अडीच पानं शेणावर पाळत कुणी ठेवायची यावरच्या नवरा-बायकोच्या भांडणाची. मी हसून लोळायचो. ते मात्र गंभीर असायचे. "हसतोस काय? मुक्या जनावराचं कोणी लिहून ठिवत न्हाई. मी गेलो की हे बी गेलं."

त्या पुस्तकाची दुसरी प्रत असावी म्हणून त्यांनी माझ्याकडून बाहेरची हार्ड डिस्क घेतली. त्यांचा विचार असा होता की दर रविवारी ती जोडायची, प्रत काढायची आणि पुन्हा सोडून शेजारच्या मास्तरांच्या ट्रंकेत ठेवायची. "बियाणं एकाच घरात ठिवू नये. पेटलं तर दोन्ही जातं." मी त्यांना हसलो. म्हटलं, "काका, हे धान्य आहे का? एखाद्या रविवारी विसराल. लावूनच ठेवा, रोज आपोआप प्रत निघेल." त्यांनी हातातली डिस्क उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "तू त्यातला जाणता हायस. तू म्हणतोस तर ठिवतो." माझं ऐकल्याचं तेवढं एकच उदाहरण मला आठवतं.

त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं, शुभांगीचं लग्न लातूरच्या स्थळाशी ठरलं. छापील पत्रिका होत्याच, पण मोबाइलवर पाठवायला मला हलती पत्रिका करायची होती, म्हणजे गणपती प्रकट होतो, सनई वाजते, फुलं पडतात, तशी. त्याचा प्रोग्राम महाग होता. मी एका भलत्याच ठिकाणाहून तो फुकट उतरवला. बसवताना त्यानं सांगितलं की पाच मिनिटं अँटिव्हायरस बंद करा. दिवसातून दहा गिऱ्हाइकांना मी सांगतो की असं सांगणाऱ्याचं कधी ऐकू नका. मी बंद केला. घरचं लग्न होतं, घाई होती, आणि त्यातला जाणता मी स्वतःच होतो.

दोन दिवसांनी सकाळी दहाच्या सुमाराला माझ्या दुकानातल्या संगणकावरून, माझ्या नावाने, माझ्या ओळखीच्या दीडशेएक लोकांना एक मेसेज गेला. 'लग्नाला नक्की यायचं, पत्रिका सोबत आहे.' त्याला एक फाइल जोडलेली होती. लग्नसराई होती, त्यामुळे ते पाठवणाऱ्या चोरांनी सगळीकडे पत्रिकेचंच सोंग घेतलं होतं, आणि माझ्या घरी तर खरोखरच लग्न होतं. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी तेव्हा मंगल कार्यालयात आचाऱ्याशी बोलत होतो. दुपारी प्रयागकाकूंचा फोन आला, "दत्ता, तुझे काका जेवून न्हाई राहिले. ये बरं."

मी गेलो. डॉक्टर संगणकासमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. पडद्यावर इंग्रजीत धमकी होती की तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लावलं आहे, सोडवायच्या असतील तर अमुक रक्कम भरा. आणि त्या धमकीच्या वर, काचेवर, हळदीकुंकवाचं बोट होतं.

"पत्रिका आली म्हणून मीच लावलं," काकू म्हणाल्या. "उघडायच्या अगोदर."

आमच्याकडे पत्रिका आली की ती तशीच ठेवत नाहीत. हळदकुंकू लावायचं, देवाला दाखवायची, लगेच उघडून वाचायची. न उघडता ठेवली आणि ते समोरच्याला कळलं, तर दोन पिढ्या बोलणं बंद होतं. नातवाच्या टोपऱ्याचा गोंडा विचारणाऱ्या माणसाने माझी पत्रिका ना ओसरीत ठेवली, ना मला फोन केला. मी फायली उघडून बघितल्या. पावणेचारशे पानांच्या जागी कचरा होता. हार्ड डिस्क जोडलेलीच होती, मी सांगितल्याप्रमाणे. तिच्यातही तोच कचरा होता.

"लागण कुठून आली?" त्यांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं, पण डॉक्टरने मालकाच्या तोंडून ऐकायचं असतं.

मी सगळं सांगितलं. फुकटचा प्रोग्राम, बंद केलेला अँटिव्हायरस, सगळं. मग मला रडू आवरेना. म्हटलं, "काका, तुम्ही मला एक फोन का नाही केला? सगळ्यांना करता ना?"

"बाहेरच्याला करतो," ते म्हणाले. "तू बाहेरचा हायस का?"

मला वाटलं आता ते मला घराबाहेर काढतील. ते उठले, तोंडावर पाणी मारून आले आणि एकदम सरकारी आवाजात म्हणाले, "किती जणांना गेली?"

"दीडशे."

"मग रडत काय बसलास? ही साथ हाय. साथीत पहिलं काम वर्दी देणं. फोन काढ. एकेकाला सांग, माझ्या दुकानात बिमारी शिरली, पत्रिका उघडू नका."

"काका, असं सांगितलं तर माझं दुकान बुडेल. संगणकवाल्याच्याच संगणकात..."

"लपवलंस तर गाव बुडंल. लपवणाऱ्याच्याच गोठ्यातून साथ फिरती, मी उमरभर बघितलं. लाव फोन."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं त्यांच्या ओसरीत फोन लावत बसलो. आता आमच्या नातेवाइकांना 'पत्रिका उघडू नका' हे कसं सांगायचं? अर्धापूरच्या मामांना सांगितलं, तर ते कडाडले, "म्हंजे? बोलावतो बी तूच आन येऊ नका बी तूच म्हणतो?" लोह्याच्या आत्यांनी फोनवरच गळा काढला की भावाची मुलगी उजवताना आम्हाला टाळलं. एका चुलत्याने मी नवरदेवाकडच्यांना घाबरून पाहुणे कमी करतोय असा शोध लावला आणि तो लगेच चार घरी कळवला. शेवटी डॉक्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला. "मी ढोरांचा डॉक्टर व्यंकटराव बोलून राहिलो. नीट ऐका. लग्नाला यायचं हाय. सहकुटुंब यायचं हाय. पत्रिका उघडायची न्हाई." हे वाक्य त्यांनी शंभर वेळा तरी म्हटलं असेल, एकाच स्वरात, लसीकरणाची दवंडी दिल्यागत. त्यांच्या मागे आतल्या खोलीत त्यांचं पुस्तक मेलेलं होतं आणि ते माझ्या बहिणीचं लग्न वाचवत होते. चौघांचे संगणक आमचा फोन जाण्याआधीच गेले होते, बाकीचे वाचले. माझं दुकानही बुडालं नाही. उलट ज्यांना फोन गेला त्यांनी म्हटलं की निदान खरं तरी बोलला.

पुस्तकासाठी मी जंग जंग पछाडलं. गेलेल्या फायली काढून देणाऱ्या पुण्याच्या लोकांना डिस्क पाठवली, ओळखीच्या सगळ्यांना विचारलं. काही निघालं नाही. चोरांना पैसे भरू का म्हणून डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "खंडणी देऊन आणलेलं जनावर धड आसतं का?" लातूरच्या छापखानावाल्याला त्यांनी एका ओळीचं कार्ड टाकलं: 'बाड दगावले. कळावे.' माझ्यापाशी ते पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग मी त्यांचं तोंड चुकवायला लागलो. दुकानाला जाताना मागच्या गल्लीने जायचो. छापील पत्रिका आल्या. आमच्यात जवळच्या घरी स्वतः जाऊन अक्षता देऊन बोलवायचं असतं. मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, सगळी गल्ली फिरलो. डॉक्टरांचं घर मी "मी एकटा जाऊन येतो" म्हणून मागे ठेवलं. तीनदा त्यांच्या फाटकापर्यंत गेलो. पत्रिका हातात असायची. ज्या माणसाची सहा वर्षं माझ्या पत्रिकेने खाल्ली, त्याच्या हातात आणखी एक पत्रिका कुठल्या तोंडाने द्यायची? तिन्ही वेळा गाडी वळवून परत आलो. अण्णांना खोटं सांगितलं की देऊन आलो.

पुढे, लग्नानंतर, वर्षभर मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे बसायचो, ते आठवून आठवून सांगायचे आणि मी दहा बोटांनी टाइप करायचो. देगलूरच्या म्हशीपर्यंत आलो होतो. आठवड्याला एक प्रत मास्तरांच्या ट्रंकेत जायची. मग ते लातूरला लेकीकडे गेले, तिथे चार दिवस तापाने पडले आणि परत आले नाहीत. एकशे दहा पानं झाली. तेवढीच आहेत, आणि ती छापून घेतल्याशिवाय मी राहणार नाही. पण ते वर्ष मिळायची माझी काही लायकी नव्हती. ते मला कसं मिळालं, तेवढं सांगतो.

लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या, पंगती बसल्या. मी वाढप्यांच्या मागे धावत होतो. मंगल कार्यालयाच्या दारात इस्त्रीचा पांढरा शर्ट दिसला. डॉक्टर होते, बरोबर प्रयागकाकू नऊवारीत, हातात आहेराची पिशवी. मी एका वाढप्याच्या आड सरकलो. अण्णा पुढे झाले, हात धरून त्यांना पंगतीत बसवलं. मी पाण्याचा जग घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि मला एकदम सगळं असह्य झालं. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "अण्णा, मी खोटं बोललो. मी काकांना पत्रिका दिलीच नाही. माझं धाडसच झालं नाही."

अण्णांचा चेहरा उतरला. बोलावल्याशिवाय दारात आलेला माणूस, आणि तोही हा माणूस. पंगतीतले चारजण वळून बघायला लागले.

डॉक्टरांनी पानातला भात कालवला, वरणाला हात दाखवून आणखी वाढायला सांगितलं आणि अण्णांना म्हणाले, "खोटं आत्ता बोलून राहिला तो. पत्रिका मिळाली की मला. गावात सगळ्यांच्या अगोदर मीच उघडली."